सफारी खुर्चीचे सांधे सोडवले

डॅनिश फर्निचर डिझायनर कोअर क्लिंटची सफारी खुर्ची १९३३ची. मूळ कल्पना हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या, भाग सुटे करून नेता येणाऱ्या रूडकी खुर्चीची. कोपनहेगनच्या जुन्या बाजारात मला मिळालेली मात्र नुसती डुगडुगत होती.

कारण सांध्यात सापडलं. या खुर्चीत डिंक नसतोच. आडव्या दांड्यांची निमुळती टोकं पायांतल्या तशाच भोकांत बसतात, आपण बसलो की आपल्या वजनानंच आवळतात, आणि जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात. आधीच्या कुणीतरी तिथं पांढरा डिंक ओतून सांगाडा तिरकाच घट्ट करून टाकला होता.

कोमट व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या चिंध्या सांध्याभोवती गुंडाळल्या, वाळू दिल्या नाहीत. डिंक पांढरट, मऊ झाला तशी दांडी पिळत पिळत बाहेर काढली. उरलेला डिंक लाकडी काडीनं खरवडला. सँडपेपर कटाक्षानं टाळला, कारण टोकाचा उतार जरा जरी बदलला तर सांधा कायमचा सैल. लाकूड सावलीतच वाळवलं.

जोडल्यावर बैठकीखालचे चामडी पट्टे एकेक भोक आवळले. आता चारही पाय टेकतात. जुनी सफारी खुर्ची घेताना आधी सांधे हलवून बघा. हलत असतील तर ती धडधाकट आहे.