बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचंय? तलाठ्याच्या आधी पारावरच्यांची तयारी करा

शेत आपल्या नावावर असताना बायकोचं नाव सोबत लावायला महाराष्ट्रात एक लै सोपा रस्ता आहे, लक्ष्मी मुक्ती योजना, महसूल खात्याचं १५ सप्टेंबर १९९२ चं परिपत्रक आहे त्याचं. नवऱ्यानं जिवंतपणी, राजीखुशीनं अर्ज करायचा आणि बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं, रजिस्ट्री नाही, स्टॅम्प ड्युटी नाही. मी तालुक्याला सेतू चालवतो, दिवसभर सातबारा, आठ-अ म्हणजे खातेउतारा, पीकविमा हेच, पण ह्या अर्जासाठी माणूस क्वचित येतो, बहिणीचं नाव कमी कसं करायचं हे विचारायला मात्र येतच राहतात. म्हणून हे पुरुषांसाठीच लिहितोय, बायकांना शेतात कोण राबतं ते सांगायची गरज नाही. देशातल्या शेतजमिनीच्या खात्यांपैकी बाईच्या नावावरची सुमारे १४ टक्के आहेत, २०१५-१६ च्या कृषी गणनेत तसं आलंय, आणि आपल्याकडं कपाशी वेचायला, सोयाबीन खुरपायला शंभरातल्या किती बाया असतात ते बांधावर उभं राहून बघा.

आधी ताजा सातबारा काढा, डिजिटल सहीचा १५ रुपयात मिळतो, आणि सोबत आठ-अ. बघायचं एवढंच की जमीन नक्की कोणाच्या नावावर आहे. तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर काम सरळ आहे. वडिलांच्या नावावर असेल तर तुम्ही अर्ज करू शकत नाही, कारण तुमचंच नाव नाही तर बायकोचं कुठं लावणार, आधी वाटणी करावी लागंल, तहसीलदाराकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली सगळ्यांच्या संमतीनं होते ती. भावाभावात सामाईक खातं असेल तर तुमच्या हिश्श्यापुरतंच बोलता येतं आणि भाऊ आडवा येणारच, म्हणून तिथंही आधी वाटणी केलेली बरी. आणि आपल्या मराठवाड्याची खास भानगड म्हणजे निजामाच्या काळातल्या इनामी जमिनी, मदतमाश, खिदमतमाश, किंवा भोगवटादार वर्ग २ चा शेरा, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, तसं काही दिसलं तर आधी तहसीलला विचारा, नाहीतर चकरा मारून चपला झिजतील.

अर्ज साध्या कागदावर चालतो. गट नंबर, क्षेत्र, माझी पत्नी अमुक हिचं नाव लक्ष्मी मुक्ती योजनेखाली सहहिस्सेदार म्हणून लावावं, खाली सही. जोडायला दोघांचे आधार, रेशन कार्ड किंवा लग्नाचा दाखला, सातबारा, आठ-अ, कुठं कुठं स्वयंघोषणापत्र मागतात. इथं एक गोष्ट नीट बघा, बायकोच्या आधारवर अजून माहेरचंच नाव असतं, नाहीतर रेशन कार्डावर सुनीता आणि आधारवर सुनिताबाई असतं, ते आधी एक करून घ्या. तलाठी, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, २०२४ ला नाव बदललं, ते फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, धरतात, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. झालं. काही ठिकाणी साहेब म्हणतात अशी योजनाच नाही, बक्षीसपत्र करून आणा. बक्षीसपत्र वेगळं, त्याला दुय्यम निबंधकाकडं जावं लागतं. वाद घालू नका, परिपत्रकाची प्रत सोबत ठेवा आणि अर्जाची पोच मागा, पोच मागितली की बरंच आठवतं लोकांना.

एवढं सोपं आहे तर लोक का करत नाहीत? खरी अडचण पारावर असते, हॉटेलात चहा पिताना असते, बापाच्या ओसरीवर असते. "कामून रे, कारभारणीनं कागद मागितला का?" एवढं एक वाक्य बस होतं, गडी गार. बाईलवेडा, बायकोचा बैल हे शब्द कोणत्या कायद्यात नाहीत पण त्यांना घाबरून माणूस जेवढा मागं सरतो तेवढा तहसीलदाराला घाबरूनही सरत नाही. आणि हे शब्द बायका वापरत नाहीत, पुरुषच पुरुषाला वापरतात. म्हणजे चारचौघात मर्द दिसायचं म्हणून घरातल्या बाईचा हिस्सा अडकून पडतो, तिचा त्यात काही संबंध नसताना.

ह्याच्यावर उपाय मला तरी एकच दिसतो, एकट्यानं करू नका. हे मी डोक्यातून काढलेलं नाही. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, पुढं संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम काढला, त्यात त्यांनी एकेका नवऱ्याला पटवत बसण्यापेक्षा गावच धरलं, गावातल्या शंभर जणांनी बायकोच्या नावावर जमीन केली की ते लक्ष्मी मुक्तीचं गाव, मग त्या गावाचा सन्मान. एकट्यानं केलं असतं तर ज्याची टिंगल झाली असती तोच माणूस शंभरात उभा राहिला की फेटा बांधून मिरवतो. माणूस तोच, जमीन तीच, फक्त बाकीचे पुरुष काय म्हणतात ते बदललं. आता तुम्हाला शंभर सापडणार नाहीत, पाच बघा. एक भावकीतला, एक शाळेतला जुना दोस्त, जमलं तर एखादा वयस्कर, ज्याच्या शब्दाला गावात मान आहे असा, कारण तो असला की पोरं हसत नाहीत. पाचही अर्ज एकाच दिवशी द्या. ग्रामसभेत कोणी आपणहून विषय काढला तर अजून बरं.

बाप कसा समजवायचा ते जरा अवघड. "म्या अजून जित्ता हाये ना, आत्ताच वाटून घेता का?" हे ऐकावंच लागतं आणि त्यात त्यांची भीती खरी असते, नाव गेलं की घरातली किंमत गेली असं त्यांना वाटतं, कारण त्यांनी आयुष्यभर आईला तसंच बघितलंय, नाव नाही म्हणून किंमत नाही. म्हणून मी म्हणतो बापाला आधी आईबद्दल विचारा, "आबा, तुमच्या मागं मायचं काय?" तीन पोरांकडं चार-चार महिने फिरणारी म्हातारी प्रत्येकाला माहीत असते. काही आबा मग आधी आईचंच नाव लावायला निघतात, लावू द्या, तुमचं काम सहा महिने पुढं गेलं तरी बिघडत नाही.

दुसरा प्रश्न हमखास, "बायको सोडून गेली मंग?" तर गावातल्या सोडून गेलेल्या बायका मोजा आणि नवऱ्यानं टाकलेल्या बाया मोजा, बोटं कुठं कमी पडतात ते बघा. तिसरा, सासरवाडीचे डोळे जमिनीवर पडतील. जमीन दोघांची सामाईक राहते, ती एकटी सगळी विकू शकत नाही आणि तुम्हीपण तिच्या सहीशिवाय विकू शकणार नाही. दारूच्या नाहीतर जुगाराच्या भरात दोन एकर गेलेली घरं आपल्याकडं काय कमी नाहीत, तिथं ही एक सही लै कामाची.

आणि एक गंमत सांगतो, ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. सरपंचपद महिलेला सुटलं की हाच गडी बायकोचं नाव बॅनरवर टाकतो, स्वतःचा फोटो तिच्यापेक्षा मोठा टाकतो, तेव्हा त्याला कोणी बायकोचा बैल म्हणत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं खुर्ची कोण चालवणार. म्हणजे अडचण नावाची नाहीच, नावासोबत खरंच काही तिच्या हातात जाईल ह्याची आहे. बीडकडं ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मात्र पुरुषाशी बोलून ठरते, निम्मा ऊस तोडणाऱ्या बाईच्या हातात पैसा येतच नाही. त्याला कोणी अन्याय म्हणत नाही, रीत म्हणतात.

बहिणीचं राहिलं. बायकोचं नाव लावून वाहवा घ्यायची आणि बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, असले पण बघितलेत मी. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढाच हक्क आहे, ९ सप्टेंबर २००५ पासून, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की त्या तारखेला बाप जिवंत असायलाच पाहिजे असं नाही. तरी वारस नोंद करताना बहिणींची नावं सातबाऱ्यावरच्या इतर हक्काच्या रकान्यात ढकलायची जुनी सवय आहे आपल्याकडं, ती कब्जेदाराच्या, म्हणजे मालकाच्या रकान्यातच आली पाहिजेत. हक्कसोड घ्यायचाच असेल तर निदान राखीला, भाऊबीजेला घेऊ नका, साडी नेसवून सही घेणं मला तरी पटत नाही, आणि "माहेर तुटंल बरं का" हे वाक्य बोलून घेतलेली सही राजीखुशीची कशी? तिला आधी एकरात सांगा की तुझा हिस्सा किती होतो, मग ती काय म्हणते ते ऐका.

विचारणारे अजून विचारतात ते पटकन सांगतो. दोघांची नावं आली म्हणून पीएम किसान दोनदा मिळत नाही, ते कुटुंबाला वर्षाला ६,००० च आहेत. लाडकी बहीण बंद होईल का, तर पाच एकराची अट आधी होती ती जुलै २०२४ मध्येच काढली. सोसायटीचा बोजा असेल तर तो तसाच राहतो, पुढच्या कर्जाला मात्र तिची सही लागंल, तेव्हा कर्ज किती आहे ते तिला आधी खरं सांगा, नाव लावून कर्जात ओढलं असं होऊ नये. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, तिथंपण दोघांची नावं लागतात, तोही अर्ज त्याच चकरेत देऊन टाका.

फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून नावाचं स्पेलिंग बघा, चुकलं असेल तर त्याच कायद्याच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज तहसीलला. मग तिचं शेतकरी ओळखपत्र काढा. आणि इथं खरी गोम आहे, तिच्या आधारला मोबाईल नंबर तुमचा जोडलेला असतो, ओटीपी तुमच्या खिशात येतो, म्हणजे नाव तिचं आणि कुलूप तुमच्याकडं. तिच्या नावाचं सिम घ्या, आधारला तो नंबर जोडा, बँकेत पण तोच. ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाईलवरची नोंद, तिच्या फोनवरून तिला करू द्या, पहिल्या वेळी फोटो वाकडा येईल, येऊ द्या. सोयाबीन लातूरला नेलं तर आडतीवर पट्टी, म्हणजे विक्रीचं बिल, दोघांच्या नावानं मागा, आडत्या म्हणेल "कशाला भाऊ, एकाच नावानं राहू द्या की", तर सातबारा दाखवा त्याला, पट्टीचे निम्मे पैसे तिच्या खात्यात जातील असं करा, आणि त्या पैशाचं तिनं काय केलं ते विचारत बसू नका.