छोट्या लिनक्समध्ये डॉक्स (म्हणजे मदतीची कागदपत्रं) कुठले ठेवायचे

आधी एवढंच बघा, नेट गेलंय आणि समोर नुसती काळी स्क्रीन आहे तर काय वाचता येईल? म्हणजे मॅन पेज, कमांडच्या माहितीचं टर्मिनलवर वाचता येणारं पान, हवंच. ही पानं दाखवणारे प्रोग्राम दोन, मॅनडॉक आणि ग्रॉफ; वाचायला मॅनडॉक घ्या, ग्रॉफ नको, मॅनडॉक एकटाच त्याच पानातून एचटीएमएल, पीडीएफ पण काढून देतो मग ते फॉरमॅट वेगळे भरायचे कशाला. इन्फो पेजेस (मदतीच्या पानांचा दुसरा एक फॉरमॅट) माझ्या मते सरळ उडवा, ती बनवायला टेक्सइन्फो नावाचं टूल लागतं आणि त्याच्या मागे पर्ल ही अख्खी प्रोग्रामिंग भाषा येते, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला :) लायसन्सची फाइल मात्र काढू नका. आणि डॉक्स मेन पॅकेजात कोंबू नका, अल्पाइन या छोट्या लिनक्ससारखं वेगळं डॉक पॅकेज करा, तिथे ‘एपीके ॲड डॉक्स’ ही पॅकेज टाकायची कमांड मारली की जे इन्स्टॉल आहे त्याचीच पानं येतात.