रजा संपतेय आणि बाळ अजून अंगावर पितंय? जॉइन व्हायच्या आधी हे करून ठेवा

आधी कॅलेंडर घेऊन बसा. २०१७ ला कायदा बदलला तेव्हापासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते हे आता बहुतेकींना माहीत असतं, पण त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात आणि नववा महिना लागला, पाय सुजायला लागले, प्रवास झेपेना की बऱ्याच जणी महिनाभर आधीच घरी बसतात. मग हिशोब केला की कळतं, जॉइन व्हायच्या दिवशी बाळ जेमतेम पाच महिन्यांचं असणार. म्हणजे वरचं काही सुरू नाही, पाणीसुद्धा नाही, फक्त आईचं दूध. इथे खूप मुली अडकतात आणि आदल्या आठवड्यात घाईघाईने पावडरचा डबा घरी येतो. पावडर लागली तर लागली, डॉक्टरांना विचारून द्या, त्यात कमीपणा काही नाही. पण दूध काढून ठेवून नोकरी करता येते हे वेळेवर सांगायला हवं आणि तेच कुणी नीट सांगत नाही, म्हणून एवढं लिहितेय.

दूध काढायची सवय जॉइन व्हायच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करा. रात्री आणि पहाटे दूध जास्त बनतं, त्यामुळे सकाळच्या पहिल्या फीडनंतर काढलं तर बऱ्यापैकी निघतं, किंवा एका बाजूला बाळ पीत असताना दुसऱ्या बाजूला पंप लावायचा, बाळामुळे पान्हा आलेलाच असतो. सुरुवातीला वाटीच्या तळाशी थोडंसंच दिसेल आणि घरातलं कोणीतरी लगेच म्हणेल, बघ, तुला दूधच कमी आहे. मनावर घेऊ नका. बाळ जितकं ओढतं तितकं पंप कधीच ओढत नाही, त्यामुळे पंपावरून दूध किती आहे ते ठरत नाही. बाळ दिवसातून सहा-सात वेळा नीट शू करतंय आणि वजन वाढतंय ना, मग दूध पुरतंय. जितकं निघेल तितकं नवीन बनतं, रोज ठरलेल्या वेळी काढत राहिलात की वाढतं.

पंप घ्यायचा असेल तर घ्या, ऑफिससाठी इलेक्ट्रिक बरा पडतो, पण हाताने काढायला शिकाच, कारण चार्जिंग संपतं, पार्ट घरी राहतो आणि नेमकी तेव्हाच छाती दगडासारखी झालेली असते. हात साबणाने धुवायचे, आरामात टेकून बसायचं. अंगठा वर, पहिली दोन बोटं खाली, निपलच्या भोवती जो काळा भाग असतो त्याच्या जरा मागे धरायचं. आधी बोटं सरळ मागे, बरगड्यांच्या दिशेने दाबायची, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबायची, मग सोडायचं. परत तेच. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत आणि निपल पिळायचं नाही. पहिली एक-दोन मिनिटं काहीच येत नाही, मग थेंब थेंब, आणि पान्हा फुटला की बारीक धारा लागतात. धार मंदावली की बोटं थोडी फिरवून दुसऱ्या जागी दाबायचं, मग दुसरी बाजू. सगळं मिळून वीसेक मिनिटं. दुखता कामा नये. पंपाने दुखत असेल तर त्याच्या फनेलचा, म्हणजे छातीवर बसणाऱ्या कपाचा, साइज बहुतेक चुकलाय, तो बदलून मिळतो, दात-ओठ खाऊन सहन करत बसू नका.

आता साठवणं. काचेची किंवा चांगल्या प्लास्टिकची झाकणाची छोटी डबी किंवा आईचं दूध साठवायला मिळतात त्या खास पिशव्या, एका वेळी बाळ पितं तेवढंच एकात, म्हणजे वाया जात नाही. वर तारीख आणि वेळ पेनने लिहायची. बाहेर ठेवलेलं दूध चार तास टिकतं असं सांगतात पण ते २५ डिग्रीच्या आतलं गणित आहे, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये काढलं की सरळ फ्रिज. फ्रिजमध्ये चार दिवस, तेही आतल्या बाजूला, दारात नाही कारण दार दिवसभर उघडझाप होत असतं. वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये सहा महिने चालतं, सिंगल डोअरच्या बर्फाच्या कप्प्यावर मात्र इतका भरवसा ठेवू नका, तिथलं दोन आठवड्यांत संपवा, आणि लाइट फार जात असेल तर जास्त साठवूच नका. एकदा वितळलं की फ्रिजमध्ये २४ तास, परत गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावून उरलेलं दोन तासांत द्यायचं नाहीतर टाकून द्यायचं.

घरी जो कोणी बाळाला सांभाळणार असेल त्याला एक गोष्ट दाखवून ठेवा, फ्रिजमधल्या आईच्या दुधावर साय वेगळी होऊन वर येते आणि खालचं पातळ, निळसर दिसतं. नासलं समजून ओतून दिलं जातं आणि आपली अर्ध्या तासाची मेहनत बेसिनमध्ये जाते. डबी हळूच गोल फिरवली की परत एकजीव होतं. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्ह तर अजिबात नाही, त्यात एखादा भाग चटका बसेल इतका गरम होतो. पातेल्यात कोमट पाणी घ्यायचं, त्यात डबी ठेवायची, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, धुवायला सोपं आणि बाळाला बाटलीच्या निपलची सवय लागत नाही. बाळाला मांडीवर थोडं उभं धरून, घाई न करता. ही प्रॅक्टिस तुम्ही नाही करायची, दुसऱ्याने करायची आणि तेव्हा तुम्ही खोलीत थांबू नका, बाहेर एक चक्कर मारून या. आईचा वास आला की बाळ वाटीकडे बघणार नाही.

ऑफिसला मेल आधी टाका, जॉइन झाल्यावर नाही. साधं लिहायचं: मी अमुक तारखेला रुजू होतेय, सकाळी ११ आणि दुपारी ३.३० ला मला वीस-वीस मिनिटं लागतील, आतून कडी लागेल अशी खोली हवी, प्लग असलेली. टॉयलेट चालणार नाही हेही स्पष्ट लिहा, तिथे आपण जेवतो का, मग बाळाचं जेवण तिथे का काढायचं? कायद्याप्रमाणे बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन नर्सिंग ब्रेक मिळतात, नेहमीच्या विश्रांतीच्या वेळेशिवाय. आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय करणं बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. कित्येक ठिकाणी हे एचआरलाच माहीत नसतं, त्यामुळे भांडणाच्या सुरात नको पण लेखी मागा. स्वतंत्र खोली नसेल तर फर्स्ट एडची खोली, छोटी मीटिंग रूम, शाळेत असाल तर लायब्ररीचा कोपरा आणि दाराशी एक मैत्रीण. आउटलुकमध्ये तेवढी वेळ रोजची ब्लॉक करून टाका, नाहीतर त्याच वेळी मीटिंग लागते. पान्हा येत नसेल तर बाळाचा व्हिडिओ लावा, किंवा त्याचं झबलं सोबत ठेवा, खरंच फरक पडतो.

येता-जाता दूध आईसपॅक टाकलेल्या थर्मल बॅगेत ठेवलं की २४ तासांपर्यंत नीट राहतं, त्यामुळे बदलापूर-सीएसएमटी सारखा प्रवास असला तरी काळजी नको, फक्त बॅग उन्हाच्या खिडकीशी ठेवू नका. निघायच्या अगदी आधी पाजा आणि घरी आल्या आल्या पाजा, म्हणजे मधे काढायची वेळ कमी होते.

कपड्यांवर नवीन खर्च नको. गरोदरपणातल्या सैल कुर्त्या टाकू नका, टेलरकडून पुढच्या दोन्ही उभ्या शिलाईत चेन लावून घ्या, मिटली की दिसतसुद्धा नाही. प्रिंटेड कॉटन घाला, फिकट प्लेन रंगावर आणि सिल्कवर ओला डाग लगेच दिसतो. वन पीस ड्रेस सध्या बाजूला. साडी नेसत असाल तर सगळ्यात सोपं, पुढे हुकचं ब्लाउज आणि वर पदर. धुवायचे कॉटन पॅड पाच-सहा आणि ड्रॉवरमध्ये एक जादा कुर्ती. सिझर झालं असेल तर टाक्यांवर इलॅस्टिक किंवा नाडी येणार नाही असं बघा.

घरातला अवघड भाग म्हणजे मोठ्यांना सांगणं. सहा महिन्यांच्या आत पाणी नाही, घुट्टी नाही, आणि मध तर वर्षभर नाहीच, त्यातून बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आपण सांगितलं तर 'आम्ही नाही का वाढवली मुलं' होतं, त्यामुळे १४ आठवड्यांच्या लसीला सासूबाईंना किंवा आईला सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचारा. डॉक्टरांनी सांगितलेलं त्या मनापासून पाळतात, शिवाय आपल्यालाही विचारलं याचं त्यांना बरं वाटतं. बाबांकडे काम अर्धवट देऊ नका. पंपाचे पार्ट धुणं-उकळणं, डब्यांवरच्या तारखा बघणं, जुनी आधी वापरणं, हे पूर्ण त्याचं, आठवण करून द्यायची जबाबदारी तुमची नको.

शक्य असेल तर बुधवारी किंवा गुरुवारी जॉइन व्हा, पहिला आठवडा दोन-तीन दिवसांत संपतो. दिवसा बाळ कमी पिऊन रात्री वसूल करायला लागलं तर घाबरू नका, खूप बाळं तसं करतात. छातीत गाठ लागली तर पाजणं थांबवू नका, थंड शेक द्या, पण लाल झालं, ताप-थंडी आली तर त्याच दिवशी डॉक्टर. बाळंतपणानंतर सहा महिने लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या असतात त्या ऑफिसच्या गडबडीत राहतात, डब्यासोबत ठेवा. आणि दोन आठवड्यांहून जास्त सतत रडू येत असेल, झोप येत नसेल, बाळाकडे बघावंसंच वाटत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे, अंगावर काढू नका.

सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्व, मऊ भात, वरण सुरू झालं की दिवसाची गरज हळूहळू कमी होते. तेव्हा पंपिंग एकदम बंद करू नका, गाठी होतात. एका वेळी एकच ब्रेक कमी करायचा, आठवडाभर अंगाला सवय होऊ द्यायची, मग दुसरा. सकाळ-संध्याकाळचं आणि रात्रीचं पाजणं दोन वर्षांपर्यंत, त्यापुढेही, दोघांना हवं तोवर चालू ठेवता येतं.