हाताने घडवलेल्या सुऱ्या जमवताना या चुका टाळा

फिनलंडचा पुक्को, नेपाळची खुकरी, जपानच्या साकाईची मासे कापायची देबा, अमेरिकेतल्या एखाद्या लोहाराने मागणीनुसार घडवलेली शिकारी सुरी: न दुमडणाऱ्या पात्यांचा संग्रह हा मुळात कारागिरांच्या हातांचा संग्रह आहे. त्यात होणाऱ्या बहुतेक चुका दोनच जागी होतात. सुरी घेण्याआधी कारागिराला जे विचारायचे ते आपण विचारत नाही, आणि ती घरी आली की म्यानात घालून कपाटात ठेवून देतो.

रूपावर भाळून घेणे

फोटोत चमक दिसते, मूठ दिसते. पात्याला पाणी कसे दिले ते दिसत नाही, आणि सुरीचा सगळा जीव तिथेच असतो. पाते किती तापवले, तेलात विझवले की पाण्यात, मग पुन्हा हलके शेकून त्याचा ठिसूळपणा काढला की नाही, यावर धार टिकणे न टिकणे ठरते. म्हणून पहिला प्रश्न पोलादाचा, दुसरा पाण्याचा. जाणकार कारागीर सरळ सांगतो की पोलाद ५२१०० आहे, तेलात विझवले आहे, कडकपणा रॉकवेल (कडकपणा मोजायचे माप) ६०च्या आसपास आहे. नुसतेच ‘हाय कार्बन स्टील’ असे उत्तर आले तर पैसे पाठवू नका.

कडकपणाचा आकडा मोठा म्हणजे सुरी चांगली, असेही नाही. जपानी शिरोगामी पोलाद ६२–६४ पर्यंत नेतात, कारण त्या धारेने मासा कापायचा असतो. खुकरीने लाकूड तोडायचे असते. तिची धार तेवढी कडक केली तर एखाद्या गाठीवर तिचा टवका उडेल. नेपाळी लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून खुकरी घडवतो, पाते लालबुंद तापवतो आणि किटलीच्या चोचीतून पाण्याची बारीक धार फक्त कडेवर फिरवतो. कड कडक होते, पाठ चिवट राहते. यंत्राशिवाय, निव्वळ नजरेने साधलेले हे काम पाहिले की आकड्यांचा हट्ट सुटतो.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या पाती घडवणाऱ्यांच्या संस्थेची परीक्षाही हेच तपासते. लोंबकळणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा, टू-बाय-फोर म्हणजे साधारण दोन बाय चार इंची लाकडावर सपासप घाव घालून ते दोनदा तोडायचे, त्यानंतरही त्याच धारेने हातावरची लव निघाली पाहिजे. शेवटी पाते शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून ९० अंशांत वाकवायचे आणि ते तुटता कामा नये. यानंतर कामाच्या सफाईचीही पारख होते, तेव्हा कुठे पात्यावर ‘जेएस’ (जर्नीमन स्मिथ) आणि पुढच्या पायरीवर ‘एमएस’ (मास्टर स्मिथ) असा ठसा मारता येतो.

लाटा दिसल्या की दमास्कस समजणे

सर्वात जास्त पैसा इथे बुडतो. आज दमास्कस म्हणून लाटांच्या नक्षीचे जे पाते मिळते ते दोन पोलादांचे थर एकमेकांत जोडून केलेले असते. बहुतेकदा १०८४ आणि १५एन२०. फेरिक क्लोराइडमध्ये बुडवले की १०८४ काळे पडते आणि निकेल असलेले १५एन२० चमकत राहते. अमेरिकन लोहार बिल मोरान यांनी १९७३ साली अमेरिकेत अशी पाती प्रदर्शनात मांडली आणि ही कला तिथे पुन्हा रुजली. जुने दमास्कस वेगळे. ते मुशीत वितळवलेल्या वुट्झ पोलादाचे, त्यातली नक्षी पोलाद निवताना आतूनच उमटते. आजच्या तेलंगणातले कोनासमुद्रम हे त्या पोलादाचे एक नावाजलेले गाव होते. विक्रेता थरांच्या पात्याला वुट्झ म्हणत असेल तर त्याला एक तर माहिती नाही किंवा तो फसवतो आहे.

ओळखायचे कसे? पात्याच्या पाठीचा जवळून काढलेला फोटो मागवा. खऱ्या थरांच्या पात्याच्या पाठीवर रेघा सलग धावतात. साध्या स्टेनलेसवर आम्लाने छापलेली नक्षी पाठीवर एकदम संपते किंवा दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखी असते. रेघांमध्ये केसासारखी काळी फट दिसली तर थर नीट जुळलेले नाहीत, ती सुरी नको. पाकिस्तानातले वजिराबाद हे कटलरीचे मोठे केंद्र आहे आणि तिथे उत्तम हातही आहेत. पण कोणत्याही गावची असो, पोलादाचे नाव नसलेली स्वस्त दमास्कस सुरी ही शोभेची वस्तू समजूनच घ्या.

नक्षी पुसट झाली तर पितळ उजळायचे पॉलिश लावू नका, उरलीसुरलीही जाईल. कारागिराला लिहा. पाते पुन्हा आम्लात बुडवून देणारे बरेच जण असतात.

ठशाला सही समजणे

साकाईत एक जण पाते घडवतो, दुसरा धार लावतो, तिसरा मूठ बसवतो. पात्यावरचा ठसा बऱ्याचदा व्यापारी पेढीचा असतो. घडवणाऱ्याचे नाव हवे असेल तर विचारावे लागते, आणि उत्तर आले की लगेच वहीत लिहावे लागते. सुरी कोणी केली, केव्हा, पोलाद कोणते, मूठ कशाची, किंमत किती आणि कारागिराशी झालेला पत्रव्यवहार, हे सुरीइतकेच जपा. नावाजलेले अमेरिकन सुरी-कारागीर बॉब लव्हलेस २०१० साली गेले. अशा मोठ्या नावांच्या सुऱ्यांना आज जी किंमत येते ती नुसत्या ठशाला येत नाही, सोबतच्या पुराव्याला येते.

मुठीत पूर्ण रुंदीने जाणारे पोलादच मजबूत, ही समजूतही सोडा. पुक्कोचे पाते मुठीत निमुळते होत जाते आणि तरीही त्याने पिढ्यान्‌पिढ्या लाकूड तासले आहे.

पावसाळ्यात सुरी म्यानात ठेवणे

मुंबई-कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर हा काळ कार्बन पोलादाचा वैरी. चामडे हवेतली ओल शोषते, शिवाय कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार त्यात उरलेले असतात. अशा म्यानात पाते चार महिने राहिले की टोकाकडे बारीक खड्डे पडतात, पितळी गार्ड (पाते आणि मूठ यांच्यामधली आडपट्टी) कळकते आणि चामड्याला हिरवा थर धरतो. सुरी वेगळी, म्यान वेगळे. पाते कोरड्या सुती फडक्याने पुसायचे, लिक्विड पॅराफिनचा अगदी पातळ हात द्यायचा (औषधांच्या दुकानात मिळते) आणि सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की वाळवून घ्यायचे. वर्तमानपत्रात किंवा फोममध्ये गुंडाळू नका, दोन्ही ओल धरून ठेवतात.

खोबरेल तेल घरात असते म्हणून लावले जाते. ते थंडीत थिजते, काही महिन्यांत खवट होते आणि मुठीच्या सांध्यात चिकट थर बसतो. जपानी कारागीर कॅमेलियाचे तेल वापरतात, ते मिळाले तर छानच.

पाते काळसर-निळसर झाले तर घाबरू नका. तो रंग पोलादाचे थोडेफार रक्षणच करतो. पांढरे फडके घासून पाहा. तांबूस डाग उमटला तर तो जिवंत गंज. तेलात भिजवलेली ०००० नंबरची स्टील वूल हलक्या हाताने, पात्याच्या लांबीच्या दिशेने फिरवा. दमास्कसवर आणि जुन्या, ऐतिहासिक पात्यावर मात्र हा प्रयोग करू नका.

मुठीची तक्रार याउलट कोरड्या हवेची असते. नागपूरच्या मेमध्ये लाकूड आकसते आणि पोलादाची कड बोटाला लागू लागते. लगेच घासून सपाट करू नका. पावसाळ्यात लाकूड फुगून बाहेर येईल. एक वर्षभर ऋतू फिरू द्या, मग ठरवा.

कायद्याकडे काणाडोळा

परदेशी सुऱ्यांवर शिंगाची जी सुंदर खडबडीत मूठ दिसते ती बऱ्याचदा आपल्याच सांबराची असते. भारतातून हे शिंग बाहेर जाणे १९९०च्या दशकात थांबले आणि इथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. सांबरशिंग किंवा हस्तिदंताची मूठ मागवूच नका. जुन्या पिचेकत्तीच्या, म्हणजे कोडगूच्या (कुर्गच्या) पारंपरिक सुरीच्या बाबतीतही आधी मूठ कशाची ते पाहा. कारागिराला मायकार्टा (राळेत घट्ट दाबलेले कापड किंवा कागद) किंवा बर्चच्या लाकडाची मूठ करायला सांगा.

शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांच्या सुऱ्या येतात. निव्वळ घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामाच्या सोडून. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या भागांत त्यांना परवाना लागतो. मोठी खुकरी या मापात सहज बसते, म्हणून मागवण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश असतो तेव्हा सुरी बरोबर घेऊन फिरता येत नाही. तेव्हा प्रदर्शनाला किंवा मित्राकडे न्यायची असली तरी आधी तेवढी चौकशी करा.

आणि कस्टम्स वाचवायला कारागिराला पार्सलवर ‘भेटवस्तू’ आणि कमी किंमत लिहायला सांगू नका. ती खोटी घोषणा ठरते, पार्सल हरवले तर विमाही त्याच कमी रकमेचा मिळतो, आणि लफड्यात अडकतो तो कारागीर, ज्याच्याकडे तुम्हाला पुढची सुरी मागायची असते.