किलोमीटर नको, खाड्या मोजा: बडोदेकराची कोकण सायकलवारी

बडोद्यात चढ म्हणजे उड्डाणपूल. दांडिया बाजारातून निघायचं, अकोट्याचा पूल, मग फतेगंजचा उड्डाणपूल. एवढं झालं की आम्हाला घाट मारल्यासारखं वाटतं. चोपन्नाव्या वर्षी साडूंना बरोबर घेऊन मी मांडवा ते रत्नागिरी सायकलने गेलो, तो याच भरवशावर. घरी हिशेब सोपा होता: साधारण सव्वातीनशे किलोमीटर, रोज पासष्ट, पाच दिवसांत रत्नागिरी. हालोल रस्त्यावर पासष्ट किलोमीटर करून आपण दहाच्या आत घरी परत असतो. कोकणात तेवढ्याला अख्खा दिवस गेला आणि संध्याकाळी जेवायचीही ताकद उरली नाही.

नकाशात हे दिसत नाही. सह्याद्रीतून आलेली प्रत्येक मोठी नदी समुद्राला मिळताना खाडी करते आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं पठार, पसरलेला असतो. गावं खाली, माडापोफळीत. रस्ता गावातून उठतो, शे-दीडशे मीटर चढून सड्यावर जातो आणि पुढच्या गावासाठी तेवढाच खाली उतरतो. दिवसातून तीन-चारदा. चढून कमावलेलं सगळं उतारावर खर्च होतं. म्हणून बेत आखताना अंतर बाजूला ठेवा आणि दिवसाला एक खाडी धरा. मांडवा ते रत्नागिरी या टप्प्यात चार खाड्या बोटीने ओलांडाव्या लागतात: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची चर्चा मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून चालू आहे. या खाड्यांवर पूल झाले की गाड्यांची सोय होईल, पण सायकलवाल्याची दहा-पंधरा मिनिटांची हक्काची विश्रांती जाईल, हे माझं मत.

या बोटींना कुणी जंगर म्हणतं, कुणी फेरीबोट, आणि बऱ्याच जणांच्या तोंडी ‘जंगलजेटी’ असते. मोटारी, टेम्पो, दुचाक्या सगळं त्यात चढतं. सायकलचं भाडं किरकोळ. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, तेव्हा आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारून ठेवा. धक्का नेहमी उताराच्या तळाशी असतो आणि पलीकडे उतरल्यावर चढ लगेच सुरू होतो. त्यामुळे बोटीत बसल्या बसल्या पाणी प्या, काहीतरी खा, आणि उतरण्याआधी गिअर हलक्यावर आणून ठेवा. साडू धोपाव्याला जड गिअरवर निघाले आणि दुसऱ्या मिनिटाला सायकल हातात धरून चालत होते.

तयारी इथूनच करायची. पावागड आपल्यापासून पन्नासेक किलोमीटर. आपली विश्वामित्री नदी जिथून निघते तोच डोंगर. चांपानेरपासून माचीपर्यंतचा गाडीरस्ता सायकलवर सामान बांधून चढायचा. रिकाम्या सायकलवरचा सराव मी धरत नाही. सात-आठ किलो मागे असले की सायकलचं वागणं बदलतं, विशेषतः उतारावर. दीड-दोन महिने दर रविवारी एकदा माची केलीत तर कोकणात पाय दुखतील, पण संपणार नाहीत. फक्त जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जपून. उत्तरायणाच्या आसपास आपल्याकडे पतंगाची दोरी कुठून गळ्यावर येईल सांगता येत नाही. ते दिवस मी सायकल घरात ठेवतो आणि उत्तरायण उरकलं की कोकणाला निघतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा एकूणच चांगला काळ. मार्चपासून घाम पुसायला हात मोकळा राहत नाही. पावसाळ्यात शेवाळलेला जांभा घसरतो आणि बोटींचा भरवसा नसतो.

सायकल महाग असायला नको, गिअर मात्र हलके हवेत. पुढचं सगळ्यात लहान चक्र अठ्ठावीस दात्यांचं आणि मागचं सगळ्यात मोठं चौतीसच्या आसपास असेल तर माझ्या वयाचा माणूस बसल्या बसल्या चढतो. टायर पस्तीस मिलिमीटर किंवा जास्त रुंद. आणि वाल्व्ह मोटारसायकलसारखा जाड घ्या. बारीक वाल्व्हचा पंप खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे नसतो, जाड वाल्व्हला कुठेही हवा मिळते. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, चेनचं तेल आणि ब्रेकच्या पट्ट्यांचा एक जादा जोड एवढं पुरे. या उतारांवर ब्रेक झिजतात. रोज संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून चेनला तेल द्यायचं. खाऱ्या हवेत मी एकच रात्र आळस केला, सकाळी चेन तांबूस झालेली.

आता रस्ता. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने पहाटे मुंबई सेंट्रल, तिथून भायखळा, माझगाव करत भाऊचा धक्का, आणि रो-रो बोटीने तासाभरात मांडवा. पहिला दिवस अलिबाग, रेवदंडा, काशीदवरून मुरूड. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे. हा सगळ्यात सोपा दिवस, म्हणूनच फसवा.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून दिघीला उतरून दिवेआगर, आणि तिथून समुद्राला चिकटून श्रीवर्धन. या रस्त्याला घाई करू नका. शेखाडीच्या आसपास रस्ता आणि लाटा यांच्यात नुसता कठडा आहे. अख्ख्या प्रवासातला हा तुकडा मी पुन्हा पुन्हा करीन. श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव. दमाजीराव गायकवाडांना १७५१ साली पेशव्यांनी कैद केलं होतं, त्याची आठवण काढून साडू म्हणाले, इथे मुक्काम जपूनच करू. मुक्काम उत्तम झाला.

तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, बागमांडला, बोट, मग वेश्वीहून केळशी आणि आडे-पाडलेवरून आंजर्ले. फेब्रुवारी-मार्चमध्ये जात असाल तर वेळासला एक रात्र द्या, ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दिसू शकतात. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचा चढ सामान खाली ठेवून करा.

चौथा दिवस खरा कसोटीचा: हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी आणि दाभोळ. आधीच्या मुरूडहून हे मुरूड वेगळं, हे महर्षी कर्व्यांचं. मी इथे चूक केली. सुवर्णदुर्ग बघत, चहा घेत साडेनऊला निघालो. बुरोंडीपुढच्या सड्यावर बारा वाजता दोघांच्याही बाटल्या रिकाम्या. सड्यावर घर नाही, झाड नाही, दुकान नाही; सावली एकच, एसटीचा निवारा. साडू त्या बाकावर आडवे झाले आणि म्हणाले, “हवे नथी थतुं.” आता होत नाही. तासाभराने एक टेम्पोवाला थांबला, त्याने पाण्याचा कॅन दिला. तेव्हापासून माझा नियम: उजाडताच निघायचं, अकराच्या आत मोठा चढ संपवायचा, आणि गाव सोडताना प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी. वाटेत कुणाला चढाबद्दल विचारलंत तर “जरासाच आहे” हे उत्तर मिळेल. त्यावर विसंबू नका. तो माणूस रोज चढतो.

त्या रात्री गुहागरला पोचलो. व्याडेश्वर आमचं कुलदैवत. आजोबा दर काही वर्षांनी बडोद्याहून अभिषेकाला येत, कसे येत ते कधी विचारलं नाही. देवळात शिरताना सायकलचे बूट काढताना पोटऱ्या धरल्या होत्या, तेव्हा पहिल्यांदा तो प्रश्न पडला.

पाचव्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, बोट, जयगड. पुढे मालगुंड, केशवसुतांचं गाव, आणि गणपतीपुळे. हेदवीला बामणघळीत भरतीचं पाणी उसळतं ते बघायचं असेल तर भरतीची वेळ विचारूनच जा. इथे पोचेपर्यंत हिशेबातले पाच दिवस संपले होते, रत्नागिरी बाकीच. सहाव्या दिवशी आरे-वारेवरून पंचवीसेक किलोमीटर.

खाण्याची चिंता नको. घरगुती खाणावळी सगळीकडे आहेत, फक्त जेवण आधी सांगावं लागतं. घाम फार गेला असेल तर कोकम सरबतात मीठ जास्त घालायला सांगा. आमटीत गूळ नाही म्हणून साडूंनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, तिसऱ्या दिवशी तिसरी वाटी मागितली. सोबत मी आपला लीलो चेवडो, बडोद्याचा ओलसर चिवडा, अर्धा किलो नेला होता. सड्यावर तो खाऊ नका, तहान दुप्पट होते. बोटीत चालतो.

परतीला रत्नागिरीहून वसईमार्गे बडोद्याला थेट गाड्या आहेत, पण ठरावीक वारी. आधी गाडीचा वार पक्का करा आणि मग निघायची तारीख ठरवा. आम्ही उलटं केलं आणि रत्नागिरीत एक दिवस जादा राहिलो. स्टेशन गावापासून लांब आहे आणि वाट चढाची, तेव्हा शेवटच्या दिवशीही पाय राखून ठेवा. सायकल ब्रेक व्हॅनमध्ये सामान म्हणून द्यायची असेल तर दोन तास आधी पार्सल ऑफिसात जा. पेडल काढून पिशवीत टाका, हँडल फिरवून फ्रेमला बांधा, आणि नाव, फोन आणि दोन्ही स्टेशनांची नावं लिहिलेले पुठ्ठे दोन्ही बाजूंनी लावा. गाडी थोडाच वेळ थांबते, त्यामुळे सायकल डब्यात चढताना स्वतः डोळ्यांनी बघा आणि मगच आपल्या डब्याकडे पळा.