राऊटरच्या सेटिंगमधले शब्द: कुठला काय आणि काय ठेवायचं

प्लॅन १०० एमबीपीएसचा आणि बेडरूममध्ये व्हिडिओ अडकतोय, असं झालं की लोक सरळ प्लॅन वाढवतात, पैसे जातात आणि अडकायचं ते अडकतंच. त्याआधी राऊटरच्या मागचं स्टिकर बघा, लॉगिनचा पत्ता तिथेच असतो, तो ब्राउझरमध्ये टाकून वायरलेसचं पान उघडा.

एसएसआयडी म्हणजे मोबाईलच्या यादीत दिसतं ते आपल्या नेटवर्कचं नाव. त्यात फ्लॅट नंबर टाकू नका प्लीज.

आता बँड, म्हणजे वायफायचा सिग्नल ज्या लहरींवर चालतो तो पट्टा. २.४ गिगाहर्ट्झ भिंती ओलांडून लांब जातो पण स्पीड कमी आणि गर्दी फार, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, शेजाऱ्यांचे राऊटर सगळे तिथेच. ५ गिगाहर्ट्झ फास्ट, पण दोन भिंती मध्ये आल्या की ढेपाळतो. म्हणून टीव्ही आणि लॅपटॉप राऊटरजवळ असतील तर ५ वर, लांबच्या खोलीतल्या वस्तू २.४ वर.

चॅनल म्हणजे बँडमधली एक लेन, तिच्याकडे कोणी बघत नाही आणि सोसायटीत खरी मारामारी तिथेच असते. २.४ मध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनल दिसतात, पण दोन चॅनलमध्ये अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचं आणि सिग्नलला जागा लागते साधारण २० ची, त्यामुळे शेजारशेजारचे एकमेकांवर चढतात. १, ६ आणि ११ हे तिघं मात्र एकमेकांना धक्का लावत नाहीत. तुम्ही मोकळं दिसतंय म्हणून ३ निवडलात तर १ वाल्यांचा आणि ६ वाल्यांचा, दोघांचा त्रास तुम्हाला, तुमचा त्यांना. मोबाईलवर वायफाय ॲनालायझरचं ॲप टाका, या तिघांतलं कमी गर्दीचं घ्या आणि २.४ ची चॅनल विड्थ, म्हणजे लेनची रुंदी, २० मेगाहर्ट्झवरच ठेवा. त्याच ॲपमध्ये सिग्नलची ताकद डीबीएम या मापात दिसते, आकडा उणे असतो: उणे ५० मस्त, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल चालतो, उणे ८० ला तुटायला लागतं.

स्टँडर्ड म्हणजे वायफायचे नियम, आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या संस्थेचं ८०२.११. १९९७ ला आलं तेव्हा स्पीड होता २ एमबीपीएस! नंतरच्या आवृत्त्यांची अक्षरं लोकांना कळेनात म्हणून २०१८ मध्ये वायफाय अलायन्सने, म्हणजे वायफाय कंपन्यांच्या संघटनेने, सोपे नंबर दिले, एन म्हणजे वायफाय ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६. राऊटर ६ चा आणि फोन ४ चा असेल तर त्या फोनला स्पीड ४ चाच. बॉक्सवरच्या 'एसी१२००' ला तर अजिबात भुलू नका, ती २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ एमबीपीएस यांची वर गोल केलेली बेरीज आहे, एका फोनला १२०० कधीच मिळत नाही. लॅन पोर्ट, म्हणजे केबल लावायची भोकं, गिगाबिट (१००० एमबीपीएस) आहेत का तेही विचारा, स्वस्त मॉडेलमध्ये बऱ्याचदा १०० चेच असतात.

सिक्युरिटीत, म्हणजे नेटवर्कला कुठलं कुलूप लावायचं त्या पर्यायात, जुनं डब्ल्यूईपी दिसलं तर आत्ताच बदला, ते केव्हाच फुटलंय. त्याच्या नंतरचं डब्ल्यूपीए२ एईएस तरी हवंच, डब्ल्यूपीए३ असेल तर ते घ्या, जुना प्रिंटर जोडेना तर दोन्हींचा मिक्स्ड मोड ठेवा. आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डशिवाय बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद करून सेव्ह दाबा.