उद्दिष्टांचा आराखडा आखताना या चुका टाळा

सोलापुरातील लहान उद्योजक जे वार्षिक आराखडे सल्ल्यासाठी घेऊन येतात, त्यांतील बहुतेकांवर 'यंदा विक्री दुप्पट करायची' हे वाक्य ठळक अक्षरांत असते आणि खाली मोबाइलवरून उतरवून घेतलेला एखादा तक्ता असतो. दुप्पट माल कोण घेणार, भांडवल कोठून उभे राहणार आणि त्यासाठी कोणते चालू काम सोडणार, याचा मात्र कोठेही पत्ता नसतो. ही इच्छा झाली, योजना नव्हे.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आजपासून पुढे दिवस मोजणे. शालेय गणवेश शिवणाऱ्या एका तरुण कारखानदाराने जानेवारीत कर्जाची कागदपत्रे, मार्चमध्ये नवी यंत्रे, एप्रिलमध्ये नमुने आणि मे महिन्यात शिलाई असा आराखडा केला होता. कागदावर तो निर्दोष दिसत होता. प्रत्यक्षात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्याआधी माल दुकानांत लागावा लागतो आणि त्याने गाठलेल्या ठोक व्यापाऱ्यांनी रंग व कापड ठरवून दुसऱ्यांना ऑर्डरी केव्हाच दिल्या होत्या. शिवाय संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत कारागीर सुट्टीवर जाणार आणि मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या शेडमधील दुपारची शिलाई मंदावणार, हे सोलापुरात वाढलेल्या माणसाला कोणी सांगावे लागू नये. काज-बटण आणि इस्त्री होऊन गठ्ठे बांधले गेले तेव्हा जुलै उजाडला होता. सदरे कपाटात पडून राहिले आणि व्याज चालू राहिले.

म्हणून मी भिंतीवरची दिनदर्शिका घेऊन आधी सण, यात्रा आणि लग्नसराईवर लाल पेन्सिल फिरवतो, मग शेवटच्या तारखेपासून मागे येतो: दुकानात माल, पाठवणी, पॅकिंग, शिलाई, कटिंग, कापडखरेदी, नमुने. मागे येता येता पहिले काम उलटून गेलेल्या तारखेवर पडले, तर उद्दिष्ट पुढच्या हंगामावर ढकलावे. घाई झालेल्या नवख्यांना हे मुळीच रुचत नाही. त्यांना 'दोन पाळ्या चालवू' हा जवळचा रस्ता दिसतो, पण दुसऱ्या पाळीचे कारागीर आणायचे कोठून, हे ते सांगत नाहीत.

उधारीचा हिशेब कायद्याच्या भरवशावर मांडू नये. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असे २००६ चा कायदा सांगतो; तरीही त्याच गिऱ्हाइकाने गेल्या वर्षी किती दिवस लावले, तोच आकडा आराखड्यात घ्यावा.

एका वर्षात दहा उद्दिष्टे घेऊ नयेत.

प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचे नाव असावे. उद्दिष्टे पारखण्यासाठी व्यवस्थापन सल्लागार जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या, पाच इंग्रजी आद्याक्षरांच्या 'स्मार्ट' कसोटीत 'ए' हा जबाबदारी सोपवण्याचा निकष होता. पुढे तयार तक्त्यांत त्याच्या जागी बहुधा 'साध्य होण्याजोगे' हे आले आणि काम कोणाचे, हा प्रश्न अलगद गळून गेला.

आढावा मार्चअखेरीस घेणे म्हणजे केवळ पंचनामा होय. महिन्याचा हिशेब मिटल्यावर खातेवही उघडी ठेवून आराखडा वाचावा आणि दोन महिने न हललेले काम एकतर दुसऱ्याकडे द्यावे, नाहीतर खोडून टाकावे.